उमेदवारीविना स्वाक्षरी

लातूर-नांदेड परिसरातील स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद, मूल्यांकनकार, कंत्राटदार व विद्यार्थी यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षाने व्यवसायाच्या अलीकडच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, ऑनलाइन बांधकाम परवानगी, महारेराचे कामकाज, वाळूची टंचाई आणि तयार काँक्रीटचा प्रसार हे त्या आढाव्याचे स्वाभाविक विषय होत. परंतु त्यांवर बोलणारे जाणकार संमेलनात पुष्कळ आहेत, आणि ज्या एका प्रश्नावर कोणीच बोलत नाही तो प्रश्न मांडण्याची संधी पुन्हा मिळेलच असे नाही. ज्या अभियंत्याने एकही जुने घर जाणत्या माणसाच्या सोबतीने पायापासून छपरापर्यंत तपासलेले नाही, त्याला त्या घराच्या सुरक्षिततेच्या दाखल्यावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार कसा मिळतो, हा तो प्रश्न होय.

घरतपासणी म्हणजे उभ्या असलेल्या, राहत्या घराचे पद्धतशीर निरीक्षण करून त्याच्या पाया, भिंती, छप्पर, नळ व वीजजोडणीतील दोष ओळखणे आणि त्यांपैकी कोणता दोष केवळ कुरूप आहे व कोणता जिवावर उठणारा आहे, हे मालकाला समजेल अशा भाषेत लिहून देणे. नवे घर बांधण्याच्या विद्येहून ही विद्या वेगळी आहे, कारण संकल्पकासमोर कागद असतो आणि तपासनीसासमोर कागद नसलेली, प्लास्टरने झाकलेली, तीन पिढ्यांनी आपापल्या सोयीने फोडलेली वास्तू असते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी हा फरक ओळखून तपासनीसाच्या परवान्यासाठी उमेदवारी, म्हणजे परवानाधारकाच्या देखरेखीखालील प्रत्यक्ष तपासणी, आवश्यक केली आहे. न्यूयॉर्क राज्यात १४० तासांच्या प्रशिक्षणापैकी ४० तास परवानाधारक तपासनीसासमवेत घरांमध्ये घालवावे लागतात. न्यू जर्सीत एकूण १८० तासांपैकी ४० तास असेच प्रत्यक्ष तपासणीचे असतात. हे आकडे आदर्श मानण्याचे कारण नाही, कारण चाळीस तास एका आठवड्यात उरकता येतात. परंतु दुसऱ्याच्या नजरेखाली काम केल्याशिवाय स्वतःच्या नावाने दाखला देता येणार नाही, हे तत्त्व तेथे कायद्यात उतरले आहे.

भारतात घरतपासनीस असा कायद्याने मान्य केलेला स्वतंत्र व्यवसाय नाही. महाराष्ट्रात त्याच्या सर्वांत जवळ येणारी गोष्ट म्हणजे संरचनात्मक परीक्षण, ज्याला सर्वजण स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी अपेक्षित आहे. नोंदणीसाठी पदवी आणि संकल्पन व क्षेत्रकामाचा काही वर्षांचा अनुभव लागतो. परंतु तो अनुभव सर्वस्वी नव्या बांधकामाचा असला तरी चालतो, आणि उमेदवाराने कोणाच्या देखरेखीखाली किती जुनी घरे तपासली याची विचारणा होत नाही. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्याला जुन्याजाणत्याच्या हाताखाली आर्टिकलशिप करावी लागते, डॉक्टरला इंटर्नशिप करावी लागते. ज्या भिंतींच्या आत माणसे झोपतात त्या भिंतींवर निर्णय देणाऱ्याला मात्र असे काहीही करावे लागत नाही.

वयाची अट ही पुरेशी राखण आहे, असे कोणी म्हणेल. महाडमधील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ माणसे गेली, तेव्हा त्या इमारतीला दहा वर्षेही झालेली नव्हती. तीस वर्षांची वयाची अट पूर्ण व्हायला तिला दोन दशके बाकी होती.

या व्यासपीठावरून हा आग्रह धरण्यामागे केवळ परदेशी नियमांचा आधार नाही. उमेदवारीची ही शाळा याच परिसरात एकदा भरली होती आणि डोळ्यांदेखत मोडली, ही खरी खंत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीच्या परिसरात सुमारे ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसे झोपेतच गाडली गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता; २००२ च्या सुधारणेत तो विभागच रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात आला. माणसे मारली ती घरांनी. दोन-अडीच फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत जाडीच्या दगडमातीच्या भिंती बाहेरून भक्कम दिसत असत, परंतु त्या प्रत्यक्षात दोन स्वतंत्र पडद्यांच्या होत्या. बाहेरचा घडीव दगडाचा पडदा आणि आतला ओबडधोबड दगडाचा पडदा यांच्या मधल्या पोकळीत खडीमाती भरलेली असे आणि दोहोंना जखडून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडे आणि ओझे वाढत जाई. खणाची लाकडी चौकट जेथे सुस्थितीत होती तेथे भिंती बाहेर ढासळूनही छप्पर खांबांवर तरल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदवली आहेत.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. त्यात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु व्यवसायाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुमारे दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती व बळकटीकरण, ही होय. त्यासाठी तरुण कनिष्ठ अभियंते गावोगाव नेमले गेले, गवंड्यांचे प्रशिक्षण झाले, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातीलच स्त्रिया संवाद सहायक म्हणून घरमालक व अभियंता यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. भिंतीतला एक दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात आकड्यांची सळई ठेवून काँक्रीट भरायचे आणि दोन्ही पडदे एकत्र बांधायचे. कोपऱ्यांवर व दारांच्या माथ्यावर जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा द्यायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपे टेकू घालायचे, अशी ती कामे होती. परंतु त्याआधी प्रत्येक घरापुढे उभे राहून, कोणते घर दुरुस्त होईल आणि कोणते उतरवावेच लागेल, हे ठरवावे लागे. हा निर्णय पुस्तकातून करता येत नसे. नवखा अभियंता जुन्या अभियंत्याच्या व गवंड्याच्या मागे फिरे, आपले मत आधी सांगे, मग त्यांचे ऐके, आणि चूक कोठे झाली ते त्याच भिंतीपाशी उमजे. कार्यक्रम संपला, पदे संपली, नोंदवह्या कपाटांत गेल्या, आणि एका पिढीने मढ्यांच्या साक्षीने मिळवलेले ज्ञान पुढच्या पिढीकडे देण्याची कोणतीही व्यवस्था उरली नाही. त्या वेळी पंचविशीत असलेले अभियंते आज निवृत्त होत आहेत. गवंड्यांपैकी बरेच हयात नाहीत.

या विषयावर व्यवसायबंधूंमध्ये दोन वाद वारंवार ऐकू येतात. उपकरणे आल्यावर डोळ्यांच्या अनुभवाची गरज उरली नाही, असे पहिला पक्ष म्हणतो आणि रिबाउंड हॅमरचे, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळीवरून मजबुतीचा अंदाज देणाऱ्या हातोड्याचे, आकडे पुढे करतो. त्याच उपकरणाविषयीचे २०२० पर्यंतचे भारतीय मानक, आयएस १३३११ चा दुसरा भाग, अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे फरक पडू शकतो असे सांगत असे आणि कार्बनीकरण झालेल्या पृष्ठभागावर मजबुती क्वचित ५० टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकते असा इशाराही देत असे. कार्बनीकरण म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा वरचा थर कठीण होणे, पण त्याच वेळी सळईला गंजापासून वाचवणारी त्याची अल्कता नाहीशी होणे. नांदेडच्या जुन्या वस्तीतील एका इमारतीत प्रस्तुत वक्त्यासमक्ष असे घडले की खांबांचे आकडे उत्तम आले, दाखल्याचा मसुदा तयार झाला, आणि सोबतच्या वयोवृद्ध अभियंत्याने केवळ पाण्याच्या टाकीमागचा एक खांब वाजवून प्लास्टर उतरवायला सांगितले. आत उभ्या सळयांचे पापुद्रे सुटले होते आणि कड्या हाताने मोडत होत्या. हातोडा खोटे बोलला नव्हता. तो कोठे आणि कशासाठी आपटायचा, हे ठरवणारा माणूस अनुभवी असावा लागतो. त्या दिवसानंतर हा वाद प्रस्तुत वक्त्याच्या लेखी मिटला आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की मोबाइलवर छायाचित्रे व चित्रफिती मागवून ज्येष्ठांनी घरबसल्या देखरेख करावी. औसा तालुक्यातील एका वाड्याची अशीच छायाचित्रे आली होती. भिंत सरळ दिसत होती. प्रत्यक्ष ओळंबा सोडल्यावर मधोमध पोट सुटलेले, म्हणजे बाहेरचा पडदा आतल्या पडद्यापासून सुटून फुगलेला, आढळला. कोठे शोधायचे, हे मात्र ओळंब्याने सांगितले नव्हते. घरातील आजींनी सांगितले होते की पावसात अमुक खणात माती ओघळते आणि अमुक फडताळ लागेनासे झाले आहे. कोणाला विचारायचे आणि कसे विचारायचे हेही तपासणीचेच अंग आहे, आणि छायाचित्र पाठवणाऱ्या नवख्याला ते कोणी शिकवलेले नव्हते.

या परिसराची स्वतःची काही दुखणी आहेत, जी पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतात. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंतीला पडलेली तिरपी भेग वैशाखात बोटभर उघडते आणि भाद्रपदात जवळजवळ मिटते. एकदाच गेलेला तपासनीस यांपैकी अर्धेच सत्य पाहतो. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहायची आणि पुढच्या ऋतूत ती तडकली का ते पाहायचे, ही जुनी रीत म्हणूनच सोडता कामा नये. दुष्काळाचेही असेच आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले; अशा काळात घातलेल्या स्लॅबला किती पाणी मिळाले असेल, याचा विचार तपासणीत व्हायला हवा. आयएस ४५६ कोरड्या व उष्ण हवेत किमान दहा दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, सांगते. इमारतीचे बांधकामवर्ष विचारल्याशिवाय तिचा स्लॅब न तपासणे ही सवय केवळ सोबतीनेच अंगवळणी पडते. शिवाय जमीन शांत झालेली नाही: नांदेड शहरात २००७ नंतर काही वर्षे सौम्य धक्के बसत राहिले, आणि २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यातील ४.५ परिमाणाच्या धक्क्यांनी नांदेडकरांना घराबाहेर काढले.

म्हणून मागणी अशी आहे की संरचनात्मक परीक्षणाच्या दाखल्यावर स्वतंत्रपणे स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येक अभियंत्याने नोंदणीकृत ज्येष्ठाच्या देखरेखीखाली ठरावीक संख्येने राहती घरे तपासलेली असावीत. त्यांत दगडमातीचे, विटांचे व काँक्रीटच्या चौकटीचे अशी तिन्ही प्रकारची घरे असावीत. निदान काही घरे उन्हाळा व पावसाळा अशा दोन्ही ऋतूंत पाहिलेली असावीत. आणि उमेदवाराचा अहवाल व ज्येष्ठाचा अहवाल दोन्ही नोंदवहीत शेजारीशेजारी राहावेत. संख्या किती असावी, मानधन कोणी द्यावे, चुकीची जबाबदारी कोणावर राहावी, यांवर मतभेद होतील आणि ते व्हावेत. कायदा बदलेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही, कारण व्यावसायिक संघटना आपल्या सदस्यांसाठी हा दंडक स्वतः घालून घेऊ शकतात.

उमेदवारीसाठी घरे कोठून आणायची, या प्रश्नाला या परिसराजवळ जे उत्तर आहे ते इतरांजवळ नाही. कलम २६५-अ महानगरपालिकांपुरते आहे. लातूर व नांदेड शहरांना ते लागू होते, किल्लारीच्या ग्रामपंचायतीला होत नाही. ज्या गावांतील भूकंपाने देशाला धडा दिला त्याच गावांत नंतर उभी राहिलेली घरे आता तिशी गाठत आहेत, अनेकांवर मजले चढले आहेत, दारे फोडून दुकाने निघाली आहेत, आणि त्यांची तपासणी कायद्याने कोणावरही बंधनकारक नाही. जागेवर बळकट केलेल्या जुन्या घरांतले काँक्रीटचे आरपार सांधे आजही धरून आहेत की नाहीत, हे पाहायलाही कोणी गेलेले दिसत नाही. औसा, निलंगा, लोहारा आणि उमरगा या तालुक्यांतील अशी घरे मालकांच्या संमतीने, विनाशुल्क, ज्येष्ठ व उमेदवार यांच्या जोड्यांनी तपासावीत, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवण्यात येत आहे. भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात काम केलेल्या निवृत्त अभियंत्यांची व गवंड्यांची यादी आधी करावी लागेल. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या संस्थांशी आणि लातूर व नांदेड जिल्ह्यांतील तंत्रनिकेतनांशी बोलणी करावी लागतील. नोंदवहीचा नमुना नंतर ठरवता येईल. संवाद सहायक म्हणून काम केलेल्या ज्या स्त्रिया गावात आहेत, त्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे, कारण कोणत्या घरात काय गळते हे त्यांना आजही ठाऊक असते. पहिली फेरी येत्या उन्हाळ्यात, भेगा उघड्या असताना निघावी.