कोळणीचं मृत्युपत्र

इंदूर, बडोदे, हैदराबादकडच्या श्रोत्यांना कोळीवाडा म्हटलं की गाणी आणि बोंबील आठवतात. मी आज कोळीवाड्यातल्या कागदांबद्दल बोलणार आहे. मी वेसाव्याचा, आयुष्य फौजेत गेलं. पलटण सीमेवर निघायची तेव्हा प्रत्येक जवानाचे वारसाचे कागद पुरे आहेत ना, हे आम्ही आधी बघायचो. आमच्या होड्याही दर्यात जातात, पण घरात कागद नसतो. विषय काढला की म्हातारे म्हणतात, "मरणाचं नाव कशाला काढतोस?"

कोळ्याच्या घरात मासे पुरुष आणतो, पण विकते बाई. पैसा तिच्या हातात असतो. सोनं ती करते, खोली ती घेते. म्हणून मृत्युपत्राची खरी गरज तिला आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि तेच कुणी करत नाही.

आमच्या आळीतल्या एका मावशीचं सांगतो. नवरा लवकर गेला, मूल नाही. चाळीस वर्षं पाटी डोक्यावर घेऊन तिने एक खोली घेतली. म्हातारपणी तिचं सगळं बघत होती भावाची मुलगी. मावशीला वाटायचं, आपल्यामागे खोली तिचीच. पण 1956च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 वाचा. मृत्युपत्र नसेल, मूलबाळ आणि नवरा नसेल, तर बाईने स्वतः कमावलेलं आधी जातं नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे आईवडील त्यांच्यानंतर, आणि भाऊ-भाची त्याच्याही मागे. म्हणजे ज्या पुतण्यांनी कधी तिला चहा विचारला नाही, ते मालक! मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माशे मी विकले, नि खोली त्यांची?" दुसऱ्याच दिवशी कागद केला. साक्षीदारांत एक मी.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं, अंगठाही चालतो. दोन साक्षीदार मात्र हवेतच. त्यांनी तिला सही करताना बघायचं आणि तिच्यासमोर आपली सही करायची. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. डॉक्टरचा दाखला जोडलात तर पुढचं भांडण निम्मं कमी. मन बदललं तर नवं करा, शेवटचं तेच खरं. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी पैसे घेतो, मालक वारस ठरतो.

उत्तन-वसईकडच्या ख्रिस्ती कोळ्यांना कलम 15 लागू नाही, त्यांचा कायदा 1925चा. त्यात एक मेख आहे: मृत्युपत्रानंतर लग्न झालं तर ते रद्द होतं.

आता, जे आपलं नाही ते देता येत नाही. जुन्या घराचं प्रॉपर्टी कार्ड अजून आजेसासऱ्याच्या नावावर असतं. त्यात नवऱ्याचा जेवढा वाटा, त्यातून बाईला जे मिळालं तेवढंच ती लिहून देऊ शकते. मुलींचा हक्कही 2005पासून त्यात आहे. आधी वारसनोंद करा. मासळी वाळवायची जागा गावाची. मंडईतला ओटा पालिकेचा, परवाना तिचा. त्यासाठी वेगळा अर्ज. आणि डोल जाळं लावायची दर्यातली जागा पिढ्यान् पिढ्या एका घराची मानतात, पण ती कुठल्याच कार्डावर नाही. ती मृत्युपत्रात लिहू नका म्हणत नाही मी. पण ती टिकते गावाच्या शब्दावर. म्हणून बापाने जिवंतपणी चार पंचांसमोर मुलांना दाखवून द्यावी. होडीची नोंद मात्र सरकारदरबारी असते. ती कुणाच्या नावावर आहे, एकदा काढून बघा. बऱ्याच घरांत ती मेलेल्या माणसाच्या नावावर निघते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, खलाशी गावाला गेलेले, सगळं घर एकत्र. जाळी शिवता शिवता आईला विचारा, "आय, तुझ्या बांगड्या कुणाला?" ती रागावेल. चहा पिऊन पुन्हा विचारा.