शिपायाच्या लेकरांचें शिक्षण आणि दप्तराची किल्ली

(माजी सैनिकांच्या मेळाव्यांत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आम्ही कांहीं मोठे व्याख्याते नव्हों. कुणब्याच्या घरीं जन्मलों, अध्यापक विद्यालयांत शिकलों आणि गेलीं वीस वर्षें खेड्यापाड्यांतील पोरांकडून बाराखडी घोटवून घेत आलों. सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाविषयीं चार शब्द सांगावे म्हणून आपण आम्हांस येथें बोलाविलें. परंतु दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आमच्या पदरचा एक दोष सर्वांसमक्ष कबूल करणें आम्हांस भाग आहे.

बारा वर्षांपूर्वीं एक बाई आपल्या मुलीस घेऊन आमच्या शाळेंत आली. नवरा पलटणींत नायक, त्या वेळीं सरहद्दीवर. मुलीच्या जन्माचा दाखला त्याच्या पेटींत. बाईनें सांगितलें, "गुरुजी, गणपतीच्या सुमारास झाली पोर." आम्हीं चालत आलेल्या वहिवाटीप्रमाणें रजिस्टरांत १ जून लिहून टाकलें. अर्धा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मला आहे, हें आपण जाणतांच! त्यांत काय बिघडलें, असें आम्हांस वाटलें. पुढें नायक पेन्शनीवर आला आणि दोन वर्षांत वारला. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनीं पास झाली. इंजिनियरिंगला तिचा नंबर लागला. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तेव्हां लष्कराच्या दप्तरांत एक तारीख आणि शाळेच्या दाखल्यांत दुसरीच, असें निघालें. अर्ज परत आला. दुरुस्तीचे हेलपाटे घालीपर्यंत मुदत टळली. ही शिष्यवृत्ती पहिल्या वर्षींच मागावी लागते. मागाहून नवा अर्ज चालत नाहीं. मुलींना दरमहा ३,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे १,४४,००० रुपये, आमच्या पेनाच्या एका फटकाऱ्यानें बुडाले. त्या माउलीनें दोन म्हशी विकून पोरीची फी भरली. आम्हांस ती एका शब्दानें बोलली नाहीं, हेंच आमच्या जिव्हारीं लागलें.

तेव्हांपासून एक गोष्ट आमच्या मनांत पक्की झाली, तीच आज सांगावयाची आहे. शिपायाच्या मुलांना मिळणारी शिक्षणाची मदत ही भीक नव्हे. ती शिपायाच्या चाकरीची राहिलेली मजुरी आहे. परंतु ती मजुरी कोणाच्या पदरांत पडते, हें नुसता कायदा ठरवीत नाहीं. कागद ज्याच्या हातीं, तो ठरवितो.

पलटणीनें घराण्याला अक्षरओळख दिली, ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. कंपनी सरकारच्या फौजेंत शिपायांच्या मुलामुलींसाठीं शाळा असत. गांवांत ज्यांच्या पोरांना शाळेच्या पायरीपाशीं उभें करीत नसत, त्या समाजाचे शिपाई छावणींत लिहावयास वाचावयास शिकले. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. त्यांचे चिरंजीव भीमराव १८९१ सालीं महूच्या छावणींत जन्मले आणि १९०० सालीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत त्यांचें नांव दाखल झालें. पुढें त्या नांवाचें काय झालें, हें सांगावयास आमची गरज नाहीं. मात्र याच सुमारास सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली होती. चाकरी गेली, तिच्याबरोबर छावणींतली शाळाहि गेली. एक दार लागलें म्हणजे किती घरांत अंधार होतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

एका घराण्याची गोष्ट झाली. आतां एका अख्ख्या देशानें आपले शिपाई शाळेंत कसे घातले, तें पाहूं. हा देश अमेरिका.

पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या शिपायांना अमेरिकन सरकारनें बोनसचे वायद्याचे कागद दिले होते. पैसे हातीं पडावयाचे १९४५ सालीं! मध्यंतरीं मंदी आली, चुली विझल्या. १९३२ सालीं हजारों माजी शिपाई, कित्येक तर बायकापोरांसह, राजधानी वॉशिंग्टनला जाऊन बसले. सरकारनें त्यांच्यावर त्यांचेंच लष्कर घालून त्यांना हुसकून लाविलें. त्यांच्या झोपड्या जळाल्या. तो डाग राज्यकर्ते विसरले नाहींत. दुसरें महायुद्ध संपत आलें, तेव्हां लाखों जवान परत आल्यावर त्यांना काम कोठून द्यावें ही धास्ती पडली. म्हणून १९४४ सालच्या जूनच्या २२ तारखेस अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं एका कायद्यावर सही केली. त्याला लोक जी. आय. बिल म्हणूं लागले. ९० दिवस चाकरी केली कीं शिपायाला शिक्षणाचा हक्क लागू होई, आणि चाकरी जितकी अधिक तितका शिक्षणाचा काळ वाढे, चार वर्षांपर्यंत. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी सरकारनें भरावी आणि पोटापाण्यास दरमहा ५० डॉलर, माणसें पोसावयाचीं असल्यास ७५, असा आरंभींचा दर होता.

विद्वानांस हें रुचलें असेल असें समजूं नका. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स यांनीं तर विद्यापीठें म्हणजे भटक्यांचे तळ होतील अशी भीति घातली. हे शब्द आपल्या कानांस ओळखीचे लागतील. नांगराच्या मुठीवरचा हात पुस्तकाला लागला, कीं पुस्तक विटाळतें, अशी समजूत बाळगणारे सर्व देशांत असतात. झालें काय? १९४७ सालीं अमेरिकेंतील कॉलेजांत दाखल झालेल्यांपैकीं जवळजवळ निम्मे माजी शिपाई होते. १९५६ पर्यंत सुमारें ७८ लाख शिपायांनीं या कायद्याखालीं कांहीं ना कांहीं शिक्षण घेतलें, त्यांतले सुमारें २२ लाख कॉलेजांत गेले. ज्यांच्या घराण्यांत कॉलेजचें नांव कोणी काढलें नव्हतें, ते इंजिनियर, मास्तर, डॉक्टर झाले.

येथवर ऐकून टाळ्या वाजवूं नका. नाण्याची दुसरी बाजू पाहा. त्या कायद्यांत काळा आणि गोरा असा भेद लिहिलेला नव्हता. परंतु दक्षिणेकडील मिसिसिपीचे रँकिन नांवाचे प्रतिनिधि कमिटीचे प्रमुख होते. कारभार स्थानिक लोकांच्या हातीं राहिला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. पैसा वॉशिंग्टनचा, शिक्का मात्र गांवच्या कचेरीचा! कचेरींत गोरा कारकून. दक्षिणेंतील गोऱ्यांच्या कॉलेजांत काळ्यास मज्जाव. काळ्यांचीं म्हणून जीं कॉलेजें होतीं तीं थोडीं आणि लहान. जागा नाहीं म्हणून तेथून हजारों शिपाई परत फिरले. मेडगर एव्हर्स हा त्यांतला नशीबवान म्हणावयाचा. युरोपांत लढून आला, या कायद्याच्या आधारानें अल्कॉर्न कॉलेजांत शिकून १९५२ सालीं पदवी घेतली. १९५४ सालीं त्यानें मिसिसिपी विद्यापीठाच्या कायद्याच्या शाळेंत अर्ज केला; तो नाकारण्यांत आला. पुढें आपल्या लोकांच्या हक्कांसाठीं झगडतांना १९६३ सालीं त्याचा खून झाला. फ्रान्सच्या रणांत ज्याची चाकरी चालली, त्याचा अर्ज स्वतःच्या गांवांत चालला नाहीं.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटूं नये. शेतसाऱ्याची पावती कोणी वाचावी, सातबाऱ्यावर नांव कोणी चढवावें, यावरून आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी गेल्या. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें काढून पगारी तलाठी नेमले, तें याच दुखण्यावर औषध म्हणून. आज वतनें राहिलीं नाहींत. कचेरींत आपलींच पोरें बसलीं आहेत. परंतु दप्तर आहे, दप्तराची किल्ली आहे, आणि ती आपल्या हातीं नसली तर हक्क असून नसल्यासारखा आहे.

आतां आपल्या पदरांत काय आहे, तें नीट ऐका. आणि घरीं जाऊन पोरींनाहि सांगा.

पंतप्रधान शिष्यवृत्ति दर वर्षीं देशभरांत नव्या ५,५०० मुलांना मिळते. त्यांतल्या निम्म्या जागा मुलींच्या. मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये. बारावीला किंवा प्रवेशापूर्वींच्या परीक्षेला ६० टक्के गुण हवेत. ती इंजिनियरिंग, डॉक्टरी, फार्मसी, बी.एड. अशा धंदेशिक्षणाच्या पदवीला आहे. साधें बी.ए., बी.कॉम. करणाऱ्यानें हिरमुसूं नये. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधींतून वेगळें अनुदान आहे. तें पूर्वीं दरमहा १,००० रुपये होतें. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० झालें. विधवा भगिनी स्वतः दोन वर्षांचें पदव्युत्तर शिक्षण घेऊं म्हणेल, तर तिलाहि तें आहे. हें अनुदान वर्ग पास झाल्यावर मागावयाचें असतें, म्हणून गुणपत्रिका जपून ठेवा; चुलीपाशीं ठेवूं नका. याखेरीज आपल्या राज्याच्या सैनिक कल्याण खात्याचीं मुलामुलींचीं वसतिगृहें कित्येक जिल्ह्यांच्या गांवीं आहेत. या सर्वांचें दार एकच, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

रणांत पडलेल्या किंवा कायमचे जायबंदी झालेल्या जवानांच्या मुलांची फी सरकारनें भरावी, ही योजना १९७१ च्या युद्धांतून निघाली. २०१७ सालीं तिला दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. ज्यांचे बाप परत आले नव्हते, त्या पोरांच्या फीचा हिशेब होऊं लागला! ओरड झाली, आणि २०१८ सालीं मर्यादा काढावी लागली. यांतून दोन धडे घ्या. मिळालेला हक्क एका परिपत्रकानें कापला जातो; आणि लोक बोलले तर तो परतहि येतो.

भरतीच्या मैदानावर पहांटे धांवणाऱ्या तरुणांनाहि एक सांगणें आहे. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेंत चार वर्षांनीं जो घरीं परततो, त्यास पेन्शन नाहीं आणि माजी सैनिकाचा दर्जाहि नाहीं. सुमारें पावणेबारा लाखांचा सेवानिधि मिळतो. अमेरिकेंत ९० दिवसांच्या चाकरीवर शिक्षणाचा हक्क लागला. येथें चार वर्षांच्या चाकरीनंतर काय लागतें, हें विचारण्याचा अधिकार तुम्हांस आहे. तो सभेंत विचारा, आमदार-खासदारांस विचारा. आणि चाकरींत असतांनाच बारावीचा दाखला आणि मुक्त विद्यापीठाची पदवी यांची जी सोय आहे ती सोडूं नका. सेवानिधीचा पैसा ट्रॅक्टरच्या हप्त्यांत आणि लग्नाच्या मांडवांत जावयास वेळ लागत नाहीं.

आतां हातानें करावयाचीं कामें. मूल जन्मलें कीं जन्मदाखला काढा आणि पलटणीला कळवून पार्ट टू ऑर्डर करून घ्या. डिस्चार्ज बुकांत, पेन्शनच्या कागदांत, आधारकार्डांत आणि शाळेच्या रजिस्टरांत मुलाचें नांव आणि तारीख अक्षरन् अक्षर एक आहे कीं नाहीं, हें आज रात्रीं कंदिलाखालीं म्हणा, मोबाईलच्या उजेडांत म्हणा, ताडून पाहा. बायकोचें माहेरचें नांव एकीकडे आणि सासरचें दुसरीकडे असेल, तर तेंहि आजच जुळवून घ्या. जवान हयात असतां जी चूक एका अर्जानें सुधारते, तीच तो गेल्यावर विधवेला दहा कचेऱ्या हिंडविते. ट्रंकेची किल्ली तुमच्या कंबरेला असूं द्या, परंतु ट्रंकेंत काय आहे तें कारभारणीला ठाऊक असूं द्या. पोरगी शिकली असेल तर तिलाच सर्व कागद वाचावयास द्या. घरांतल्या घरांत कारभारी तयार होईल.

आमच्या शाळेपुरतें आम्हीं ठरविलें आहे. दर वर्षीं शाळा सुरू झाली कीं सैनिकांच्या घरच्या मुलांचीं नांवें काढून त्यांच्या तारखा पलटणीच्या कागदांशीं ताडून पाहूं, आणि चूक आमची निघाली तर दुरुस्तीचा प्रस्ताव घेऊन तालुक्याला आम्ही स्वतः जाऊं; पालकांस हेलपाटे घालूं देणार नाहीं. ज्या मुलीची शिष्यवृत्ति आमच्यामुळें बुडाली, ती आज सुटीच्या दिवशीं गांवांत येऊन इतरांचे अर्ज भरून देते. तिच्यापुढें बसून अर्ज कसा भरावा हें आम्ही शिकलों, हें सांगावयास आम्हांस लाज वाटत नाहीं.

१९४७ सालीं अमेरिकेंत शिपायांनीं कॉलेजें भरलीं, त्याच सालीं साताऱ्यास कर्मवीर भाऊरावांनीं शिवाजी कॉलेज काढलें आणि कुणब्याच्या पोरांस कमवा आणि शिका असें सांगितलें. आपल्या शिपायानें तर आधींच कमावून ठेविलें आहे. बर्फांत, वाळवंटांत, जिवावर उदार होऊन. आतां शिकणें तेवढें राहिलें आहे. त्याची कमाई कोणाच्या टेबलावर पडून कुजूं देऊं नका.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों. सभा संपल्यावर मारुतीच्या पारावर आम्ही रजिस्टर घेऊन बसणार आहों. ज्यांनीं डिस्चार्ज बुक बरोबर आणलें असेल, त्यांनीं यावें.