वाचनालयाचा खर्च कुणाच्या पदरातून?

(चेणे येथील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय एकच आहे. तीन वर्षं एका देणगीदाराच्या पैशावर चाललेली आपली वाचनखोली येत्या मार्चनंतर चालणार कशी? देणगी थांबणार हे आपल्याला कळवलेलं आहे. त्यात रागावण्यासारखं काही नाही. देणगी ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. प्रश्न आहे तो आपल्या मर्जीचा.

आधी हे बोलू या की ही खोली कुणाची गरज आहे. चेण्याच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून घोडबंदर रस्ता. दहावीतल्या मुलाला अभ्यासाला जागा हवी असली तर तो रस्ता ओलांडून, बस पकडून, रात्री नऊला परत येऊ शकतो. मुलीला तसं जाऊ देतात का? तिच्यासाठी चालत जाता येईल एवढ्या अंतरावर खोली असेल तरच अभ्यास आहे. नाहीतर घरात एकच दिवा, त्याखाली टी.व्ही., आणि हातात भांडी. मुलगी नापास झाली की आपण म्हणतो, तिचं डोकंच नाही. जागा नव्हती असं कुणी म्हणत नाही.

आणि खोली फक्त मुलींची नाही. रेशनचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा अर्ज, २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्याचे कागद, हे सगळं गेली तीन वर्षं याच टेबलावर वाचलं गेलं. पाड्यावरच्या बाया सही करण्याआधी कागद वाचून घ्यायला लागल्या, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

वाचन बाईला काय देतं हे सांगायला लांब जायला नको. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. शाळेत गेल्या नाहीत. वडिलांनी घरीच शिकवलं, घरात पुस्तकं होती. त्या बाईनं १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सगळ्या समाजाला जाब विचारला. पण ज्यांच्या वडिलांच्या घरी पुस्तकं नसतात त्यांचं काय? त्यांच्यासाठीच सार्वजनिक वाचनालय असतं.

आता पैशाकडे येऊ. बचत गटात आपण पै-पैचा हिशेब ठेवतो, तसाच इथे मांडू. खोलीचं भाडं महिन्याला ३,००० रुपये. वीज आणि वर्तमानपत्रं मिळून १,०००. नवी पुस्तकं, दुरुस्ती, खुर्च्या यांना २,०००. आणि अर्धा दिवस खोली सांभाळणाऱ्या बाईला ६,०००. एकूण १२,०००, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार.

मागच्या बैठकीत एक सूचना आली होती की ते ६,००० वाचवता येतील, आपल्यातल्याच बाया आळीपाळीने फुकट बसतील. सूचना मनापासून केलेली होती, तरीही मी तिला विरोध करते. आपल्याकडे कुठलंही चांगलं काम पैशावाचून अडलं की ते बाईच्या अंगावर येतं. अंगणवाडी ताई आणि आशा ताई मानधन वाढावं म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढताहेत. त्यांच्या कामाला काम न म्हणता सेवा म्हटलं गेलं, म्हणून ही पाळी आली. आपण आपल्याच हातांनी आणखी एक फुकटची सेवा तयार करायची का? शिवाय व्यवहाराचंही बघा. जी आज फुकट बसेल ती उद्या कामाला जाईल, परवा आजारी सासूपाशी थांबेल, आणि दाराला कुलूप लागेल. चार दिवस कुलूप दिसलं की मुली यायच्या थांबतात. खोली उघडी ठेवायची तर ती उघडणाऱ्या बाईला पगार द्यावाच लागेल.

मग पैसा आणायचा कुठून?

पहिली वाट सरकारी अनुदानाची. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे वर्षाला अनुदान मिळतं. सरकार मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत देतं, उरलेला वाटा ग्रंथालयानं स्वतः उभा करायचा. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली. आपल्यासारख्या छोट्या ड वर्गाचं अनुदान ३०,००० वरून ४८,००० झालं. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातला निम्मा भाग पगाराचा धरला तर वर्षाला २४,०००, म्हणजे महिन्याला २,००० रुपये. आपल्या बाईच्या पगाराचा तिसरा हिस्सा. गावोगावची वाचनालयं संध्याकाळी दोन-तीन तासच का उघडी असतात याचं उत्तर या आकड्यात आहे.

अनुदान मिळायचं तर संस्था १८६० च्या आणि १९५० च्या कायद्याखाली नोंदलेली हवी. आपली नोंदणी अजून व्हायची आहे. २०१२ च्या राज्यभरच्या पडताळणीनंतर नव्या मान्यता कित्येक वर्षं थांबल्या होत्या. म्हणून आज अर्ज केला की उद्या पैसे, अशी आशा कुणी धरू नये. पण नोंदणी लगेच करू या. ठाण्याला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दोघीतिघी जाऊन नियम लेखी मागू या. नोंदणी नसेल तर पुढची कुठलीच वाट उघडत नाही.

दुसरी वाट महापालिकेची. गावाला ग्रामपंचायत असती तर आपण महिला ग्रामसभेत ठराव केला असता. चेणे मीरा-भाईंदर महापालिकेत आहे, त्यामुळे ग्रामसभा नाही. मात्र महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात सार्वजनिक वाचनालयं चालवणं किंवा त्यांना मदत करणं हे महापालिकेच्या ऐच्छिक कामांत धरलेलं आहे. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. पाणी, गटार, दिवाबत्ती ही कामं करावीच लागतात. वाचनालय केलं तर केलं. म्हणजे कुणी मागितलंच नाही तर ते कधीच होणार नाही. शिवाय महिला आणि बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात ५ टक्के तरतूद करायची असते. शिलाई मशीनं आणि सहली यांच्या पलीकडे त्या पैशाचं काय करता येईल हे आपण सांगायला हवं. मुलींची अभ्यासिका ही महिला आणि बालकल्याणाची गोष्ट नाही तर कशाची? पण मागणी वेळेत जायला हवी. अंदाजपत्रक नव्या आर्थिक वर्षाच्या आधी ठरतं. एप्रिलमध्ये अर्ज घेऊन गेलेल्या बाईला ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढंच ऐकायला मिळतं.

तिसरी वाट कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, आणि त्या कामांच्या यादीत सार्वजनिक वाचनालयांचं नाव आहे. तो पैसा जरूर मागू या, पण पुस्तकं आणि कपाटं यांसाठी. पगार आणि भाडं त्याच्यावर टांगलं की तीन वर्षांनी आपण पुन्हा आजच्याच बैठकीला बसू.

इथे एक मोठा प्रश्न आहे तोही सांगते. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला. मद्रासनं १९४८ साली कायदा केला आणि वाचनालयांसाठी उपकर बसवला. पुढे कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के आणि केरळात ५ टक्के ग्रंथालय उपकर आला. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. आपल्या शहरांत झाडांसाठी उपकर आहे, तो असावाच. पण पुस्तकांसाठी नाही. घोडबंदर रस्त्यावर केवढ्या इमारती उभ्या राहिल्या! त्यांच्या मालमत्ता करातला रुपयात एक-दोन पैसे भाग कायद्यानं वाचनालयाकडे वळला असता, तर आज आपल्याला पदर पसरावा लागला नसता. म्हणून चेण्याची खोली वाचवणं आणि उपकराची मागणी करणं ही दोन्ही कामं आपलीच आहेत. दुसरं लांबचं आहे, पण आपल्या प्रत्येक निवेदनाच्या शेवटी ते लिहिलं गेलं पाहिजे.

राहिली चौथी वाट, आपल्या स्वतःच्या वर्गणीची. दोनशे घरांनी महिन्याला २० रुपये दिले तर ४,००० जमतात. खर्चाचा तिसरा हिस्सा. काही जणी म्हणतील, आधी पाणी द्या, मग पुस्तकं. खरं आहे, पाण्यासाठी भांडू याच. पण पाण्याचं निवेदन लिहायलाही कुणाला तरी लिहिता आलं पाहिजे. ज्या घरी २० रुपये जड आहेत त्या घरची मुलगी तरीही येईल, आणि कुणी दिले, कुणी नाही, याची यादी भिंतीवर लागणार नाही. मिळालेला एकूण पैसा आणि झालेला खर्च मात्र दर महिन्याला भिंतीवर लागेल. वर्गणीनं सगळा खर्च भागत नाही. पण जिचे २० रुपये आहेत तिला विचारायचा हक्क मिळतो. महापालिकेच्या दारातही ‘आम्हाला द्या’ म्हणण्यापेक्षा ‘आमचा तिसरा हिस्सा आम्ही आणलाय, तुमचा कुठे आहे?’ हे विचारणं वजनदार असतं.

पैसा देतो त्याचा हुकूम चालतो, हेही विसरायला नको. वाचनालय म्हटलं की पुरुष पाय पसरून वर्तमानपत्र वाचताहेत असं चित्र येतं. समितीत निम्म्याहून जास्त बाया, त्यांतल्या निम्म्या पाड्यावरच्या, आणि दुपारी दोन ते पाच फक्त बायका-मुलींची वेळ, या अटी आपण घटनेतच लिहू. नंतर मागून मिळत नाहीत.

तेव्हा आजच ठरवू या. नोंदणीच्या कागदांची जबाबदारी कोण घेणार? निवेदनाच्या सह्या पाड्यापाड्यावर कोण जमवणार? वर्गणीची वही कुणाकडे राहणार? नावं पुढे येऊ द्या, मी लिहून घेते. मार्चला अवकाश आहे, पण फार नाही.