लव्हाळा पण साक्ष देतो
(खाडीकाठच्या पाड्यावर झालेल्या बैठकीतले भाषण)



माझ्या हातातली ही काडी बोटांत फिरवून बघा. गवताची काडी गोल असते, तिला पेरं असतात. ही तीन कोनांची आहे, पेर नाय. हा लव्हाळा, आपल्या शेतातल्या मोथ्याच्या जातीचा. पण हा खाऱ्या चिखलात येतो, उधाणाचं पाणी अंगावर घेतो आणि मुळांनी चिखल धरून ठेवतो.

हा जिथं वाढतो त्या खाजणाला कागदावर 'पडीक' म्हणतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरं तोडायला बंदी घातली, ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तिवरं दिसली की भराववाला जरा घाबरतो. नुसता लव्हाळा दिसला की म्हणतो, इथं काय नाय, टाका माती.

काय नाय कसं? ओहोटीला आपल्या बाया तिथंच चिंबोऱ्या आणि निवट्या धरतात. ढोरं तिथंच चरतात. सीआरझेडच्या अधिसूचनेत तिवरांसोबत खारट दलदल पण सर्वांत कडक वर्गात घातली आहे. म्हणजे झाड नसलं तरी ती जागा राखायची आहे.

आणि जिथं खाजणाची नोंद वनजमीन अशी आहे, तिथं २००६ चा वनहक्क कायदा लागतो. त्यात नुसता दळीप्लॉट नाय, मासे, पाण्यातलं उत्पन्न, चराई हे सामूहिक हक्क पण आहेत. दावा ग्रामसभेने करायचा. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, पण एकट्या पुराव्यावर भागत नाय. दुसरा जोडावा लागतो.

म्हणून येत्या अमावास्येच्या उधाणाला सगळ्यांनी खाजणात जायचं. पाणी चढेल तिथं खुंट्या ठोकायच्या. लव्हाळा कुठवर आहे, चिंबोऱ्या कुठं धरतात, ढोरं कुठून उतरतात, ते नकाशावर काढायचं. आज्या-आजोबांचे जबाब लिहून घ्यायचे, सह्या-अंगठे घ्यायचे. हाच नकाशा दाव्याला जोडायचा आणि भरावाच्या तक्रारीला पण.

डोंगरावरच्या पाड्यांनी हे आमचं नाय असं म्हणू नये. तुमच्या रानातली मोथ्याची पाणथळ जागा पण कागदावर अशीच 'पडीक' होते. ती पण दाव्यात लिहा.

झाड पडलं तर आवाज होतो. लव्हाळ्यावर माती पडली तर आवाज होत नाय. तो आवाज आपल्याला करायचा आहे.

जिंदाबाद!