कंट्रोलच्या दारापर्यंत

श्रोतेहो, आमच्या रोहण्याकडे रेशनच्या दुकानाला अजून ‘कंट्रोल’च म्हणतात. अन्न महामंडळाचं गोदाम, तिथून तालुक्याचं गोदाम, तिथून कंट्रोल, अशी धान्याची वाट. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. पुढे अंगठ्याचं यंत्र आलं.

पण सरकारी व्यवस्था जाणती झाली का, हे मी नुसती गाडी वेळेवर आली यावरून ठरवत नाही. कापूस वेचून, निंदण करून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा उमटला नाही तर काय होतं, ते बघतो. अशा वेळी धान्य नाकारू नका, असं केंद्राने २०१७मध्येच राज्यांना कळवलं आहे. तरी तिला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं, तर पंजाबातून आलेला गहू पोचला, असं मी म्हणणार नाही.