पिएश्त्यानीचा अंधार
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडात मात्र नुसतं हॉकी म्हटलं, तर ती बर्फावरचीच. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात काठी आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती. गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर, बाकीचे कडेच्या बाकावर. हा खेळ इतका दमछाक करणारा, की मिनिटभरात आतले बाहेर येतात आणि बाहेरचे आत जातात. हा बाक लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

या खेळाची वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९७७ पासून अधिकृतपणे भरते. साधारणपणे नाताळच्या दुसऱ्या दिवशी ती सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. आपल्याकडे भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या दिवशी जे वातावरण असतं, ते कॅनडात या पोरांच्या सामन्यांना असतं. एकेकाळी समोर सोव्हिएत संघ असला, तर विचारूच नका. पहिली चारही अजिंक्यपदं सोव्हिएत मुलांनी नेली होती. हॉकी आमची म्हणणाऱ्या कॅनडाला पहिलं सुवर्ण मिळालं ते १९८२ मध्ये, तेही देशभरातून मुलं निवडून, रीतसर संघ बांधल्यावर.

आज मी बोलणार आहे ते ४ जानेवारी १९८७ या दिवसाबद्दल. ठिकाण पिएश्त्यानी. आज हे गाव स्लोव्हाकियात आहे, तेव्हा ते चेकोस्लोव्हाकियात होतं. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध, माणसं दुखणं बरं करायला जातात असं गाव!

स्पर्धेतला हा शेवटचा सामना. तेव्हा उपांत्य फेरी, अंतिम फेरी असा प्रकार नव्हता. सगळे संघ एकमेकांशी खेळायचे आणि गुणांवर क्रम लागायचा. फिन्लंडचे सामने आटोपले होते. कॅनडाचं कांस्य पक्कं होतं, पण सोव्हिएत संघाला पाच गोलांच्या फरकाने हरवलं असतं तर सुवर्ण मिळालं असतं. सोव्हिएत संघ मात्र पदकांच्या शर्यतीतून बाद झालेला. एकाला सगळंच मिळवायचं होतं आणि दुसऱ्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. असे दोन संघ समोरासमोर आले की पंच खंबीर लागतो. नेमला होता नॉर्वेचा हान्स रोनिंग, कारण तो तटस्थ देशाचा.

सुरुवातीपासून काठ्या अंगावर पडत होत्या. पहिला गोल थिओ फ्लुरीने केला. चणीने लहान, वय अठरा. गोल झाल्यावर तो गुडघ्यांवर घसरत गेला आणि त्याने काठी बंदुकीसारखी धरून सोव्हिएत बाकावर गोळ्या झाडल्याचा आविर्भाव केला. तो आज पाहिला तर पोरकट वाटतो. पण शीतयुद्धाच्या दिवसांत, त्या मुलाच्या डोक्यात हे चित्र कुठून आलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या सत्राची सहा मिनिटं उरली होती. कॅनडा ४-२ने पुढे होता. दोघांची झोंबाझोंबी झाली, मग बर्फावरचे सगळेच भिडले. इथपर्यंत या खेळात नवल नव्हतं. पण सोव्हिएत बाकावरून एव्हगेनी डेव्हिडोव बर्फावर उतरला. एक उतरला की उरलेले थांबत नाहीत. दोन्ही बाक रिकामे झाले. पंचांनी आवरण्याचा प्रयत्न केला आणि अखेर ते बर्फ सोडून निघून गेले. तेव्हा संयोजकांना एकच उपाय सुचला. त्यांनी सभागृहातले दिवे मालवले.

कल्पना करा. अंधार, प्रेक्षकांच्या शिट्ट्या आणि पायांत पाती असलेली मुलं एकमेकांना बुकलताहेत. सुमारे वीस मिनिटं हे चाललं होतं. सोव्हिएत संघाच्या व्लादिमीर कॉन्स्टँटिनोवने डोक्याची धडक देऊन ग्रेग हॉगुडचं नाक फोडलं. सतरा वर्षांचा पिअर टर्जन मात्र कॅनडाच्या बाकावरून उठलाच नाही. पुढे संघातल्याच एका सोबत्याने त्याबद्दल त्याला जाहीर बोल लावले. माझ्या मते त्या रात्री सर्वांत अवघड काम त्यानेच केलं.

दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. फिन्लंडला त्याचं पहिलं सुवर्ण मिळालं, पण १९८७ म्हटलं की फिन्लंडबाहेर ते फारसं कुणाला आठवत नाही. खेळाडूंवर अठरा महिन्यांची बंदी आली, प्रशिक्षकांवर तीन वर्षांची. नंतर अपिलात बऱ्याच मुलांची शिक्षा सहा महिन्यांवर आली. कॅनडात तर टोरोंटोच्या व्यावसायिक संघाचे मालक हॅरल्ड बॅलार्ड यांनी या मुलांसाठी सोन्याची पदकं घडवून घेतली. मला मारामारीपेक्षा हेच जास्त खटकतं. मुलं हाणामारी करतात, त्यांच्या अंगात रग असते. पदकं घडवणारे काही सतरा वर्षांचे नव्हते.

पुढच्याच वर्षी ही स्पर्धा मॉस्कोत होती, हा योगायोग पाहा. कॅनडाचा कर्णधार होता तोच फ्लुरी. नाक फुटलेला हॉगुडही संघात होता. त्यांनी सोव्हिएत संघाला त्याच्या घरी हरवलं आणि सुवर्ण जिंकलं.

मग देशच बदलले. ही स्पर्धा जुन्या आणि नव्या वर्षाच्या सांध्यावर भरते, त्यामुळे गंमत होते. डिसेंबर १९९१ मध्ये जर्मनीत सोव्हिएत संघ म्हणून खेळायला उतरलेली मुलं जानेवारीत सुवर्ण घेताना दुसऱ्याच नावाने उभी होती. त्यांचा देश स्पर्धा चालू असतानाच संपला होता. पुढच्या वर्षी चेकोस्लोव्हाकियाच्या मुलांवर तीच वेळ आली. दुखणं तिथेच मिटलं, असंही नाही. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाच्या मुलांना या स्पर्धेबाहेर ठेवण्यात आलं.

पिएश्त्यानीतल्या मुलांचं पुढे काय झालं? अलेक्झांडर मोगिल्नी १९८९ मध्ये आपला संघ सोडून अमेरिकेत बफेलोच्या क्लबकडे गेला. तिथे त्याचा सहकारी होता बाकावरून न उठलेला टर्जन. सर्गेई फेदोरोव १९९० मध्ये तसाच डेट्रॉइटला गेला. मागोमाग कॉन्स्टँटिनोव आला. पुढे त्याच संघात ब्रेंडन शॅनहन दाखल झाला. तोही त्या रात्री कॅनडाकडून बर्फावर होता, सतरा वर्षांचा. १९९७ मध्ये तिघांनी मिळून स्टॅन्ली कप जिंकला.

जिंकल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी कॉन्स्टँटिनोव बसलेल्या मोटारीला अपघात झाला आणि त्याची कारकीर्द संपली. १९९८ मध्ये डेट्रॉइटने पुन्हा तो कप जिंकला. तेव्हा सहकाऱ्यांनी त्याची चाकाची खुर्ची बर्फावर आणली, कप त्याच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची ढकलत सगळ्यांनी मैदानाला फेरी मारली.