दिलेले मत परत कसे घ्यावे?

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मागच्या पावसाळ्यात आपल्याच भागातील एका खेड्यातून पाच-सहा तरुण माझ्याकडे आले. हातात दीडशे सह्यांचा अर्ज. "वकीलसाहेब, सरपंचाला खाली उतरवायचे आहे." अर्ज वाचला. सरपंचाच्या घराची पायरी दोन फूट सरकारी रस्त्यावर आली आहे, सबब त्यास अपात्र ठरवावे, एवढाच मजकूर. मी विचारले, "तुमची तक्रार हीच आहे का?" ते एकमेकांकडे पाहू लागले. खरी तक्रार निराळीच होती. पाण्याच्या टाकीचे काम रखडले होते, ग्रामसभा कागदावरच होत होत्या आणि हिशेब विचारणाऱ्यास उत्तर मिळत नव्हते. मग हे अर्जात का नाही? एकजण म्हणाला, "त्याने सरपंच जात नाही. पायरीने जातो."

त्या तरुणाचे कायद्याचे ज्ञान बरोबर होते, दुर्दैवाने.

शासकीय जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायतीत राहू शकत नाही, ही तरतूद योग्यच आहे. परंतु तिचा उपयोग कसा होतो, याचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. 2021 साली तेथे एक भगिनी सरपंच झाल्या. सासूच्या सरकारी जमिनीवरील घरात त्या राहतात, अशी काही ग्रामस्थांची तक्रार होती. पती व मुलांसह आपण भाड्याच्या घरात वेगळे राहतो, हे त्यांचे उत्तर. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरविले, विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीस, त्यातही ग्रामीण भागातील स्त्रीस, इतक्या सहजपणे दूर करता येणार नाही, असे न्यायालयाने बजाविले. स्त्री सरपंच झाली, हेच काही ग्रामस्थांना रुचले नाही, असेही न्यायालयाचे निरीक्षण आहे. आपल्या खान्देशासाठी हे वाक्य भूषणावह नाही. अर्ज घेऊन आलेल्या त्या तरुणांना मी हा निकाल मुद्दाम वाचून दाखविला.

याउलट, खरोखरच दोषी असलेल्यास हटविण्याचा मार्ग किती लांबचा आहे, तेही आपण पाहिले आहे. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराचा गुन्हा 2006 साली नोंदविला गेला. याच धुळ्यातील विशेष न्यायालयाने ऑगस्ट 2019 मध्ये 48 जणांना दोषी ठरविले. पुढे अपिले झाली, त्यांच्यात मी जात नाही. मधली तेरा वर्षे मात्र लक्षात घ्यावीत. न्यायालयाने आपले काम केले. मतदाराच्या हाती मात्र पुढच्या निवडणुकीची वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते.

प्रतिनिधीस परत बोलाविण्याची कल्पना आयात केलेली आहे, असे काहींना वाटते. वस्तुतः 1925 च्या प्रारंभी हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी जे पत्रक काढले, त्यात हा अधिकार स्पष्ट शब्दांत मागितला होता. जयप्रकाशजींनी 1974 च्या आंदोलनात तोच विषय देशापुढे ठेवला. त्याच वर्षी लोकसभेत साम्यवादी पक्षाचे सी. के. चंद्रप्पन यांनी यासाठी विधेयक आणले आणि अटलजींनी त्यास पाठिंबा दिला. एरवी ही दोन बाके क्वचितच एका बाजूला येत! विधेयक संमत झाले नाही, हा भाग निराळा.

शेजारी मात्र हे घडले. मध्यप्रदेशात 2001 साली अनूपपूरच्या मतदारांनी नगराध्यक्षास गुप्त मतदानाने परत बोलाविले. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. छत्तीसगढमध्ये 2008 साली नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर येथील अध्यक्षांनी अशाच मतदानात पद गमावले. यात कोणाच्या घराची पायरी मोजावी लागली नाही.

आपल्या राज्यात थेट सरपंचाची निवड 2017 साली आली, 2020 साली रद्द झाली आणि 2022 साली परत आली. अशा सरपंचाविरुद्ध अविश्वासाचा ठराव तीन-चतुर्थांश सदस्यांनी संमत करावा लागतो आणि नंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. निवडीनंतर दोन वर्षे ठराव आणता येत नाही. ही मुदत मला योग्य वाटते. नाहीतर पराभूत उमेदवार दुसऱ्याच दिवशी सह्या गोळा करू लागेल. शहरातील नगरसेवकास परत बोलाविण्याची अशी सोय नाही. जळगाव व धुळे महापालिकांची मुदत 2023 साली संपली आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच होते. तेव्हा परत बोलवायलाही कोणी नव्हते!

त्या तरुणांना मी सांगितले, पायरीचा अर्ज फाडा. टाकीचा खर्च, कार्यारंभाचा आदेश, ग्रामसभांची इतिवृत्ते माहितीच्या अधिकारात मागा. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सर्वांसमोर प्रश्न विचारा आणि सरपंचाचे उत्तरही ऐकून घ्या. त्याचे समाधानकारक उत्तर असूही शकते. नसेल, तर सदस्यांकडे जा आणि ठरावाचा आग्रह धरा.

अर्ज त्यांनी माझ्यासमोर फाडला. निघताना त्यांच्यातील सर्वांत लहान मुलगा उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "साहेब, पण ठराव सदस्यांनीच आणायचा ना? आणि सगळे सदस्य त्याचेच असले तर?"

महाराष्ट्राच्या कायद्यात याचे उत्तर नाही. मी त्याला तसेच सांगितले.